मार्ग मोकळा आहे का?

आरोग्य खात्याच्या त्या कचेरीत ताईला सगळे टरकून असत, अगदी साहेबसुद्धा. साहेबांच्या खुर्चीखालून पंख्याची वायर जायची. ताईने ती एकदा पाहिली आणि भर बैठकीत साहेबांना उठवून, स्वतः गुडघ्यांवर बसून, वायर चिकटपट्टीने भिंतीला लावून टाकली. तेव्हापासून ती दारात दिसली की साहेब आधी पाय वर घेत आणि मग काय काम आहे ते विचारत.

त्यात तिचा तरी काय दोष? कामच तसं होतं. राज्यात पंच्याहत्तरी ओलांडलेलं कुणी एकटं राहत असेल, तर खात्याचा माणूस वर्षातून एकदा जाऊन त्याचं घर तपासून येई. पडायला, भाजायला, गुदमरायला कुठे वाव आहे ते बघायचं, बत्तीस प्रश्नांचा तक्ता भरायचा आणि लागेल ते खात्याकडून फुकट मिळवून द्यायचं. बाथरूममध्ये धरायला दांडी, पायाखाली रबरी चटई, छताला धुराचा अलार्म, फोनजवळ लावायला मोठ्या अक्षरांतली नंबरांची यादी. बत्तीसपैकी चोवीस प्रश्नांना 'होय' आलं की घर पास. कमी आलं की घरच्यांना खात्याचं पत्र जाई, की यांना एकटं ठेवू नये.

अकरा वर्षांत ताईला तो तक्ता इतका पाठ झाला होता, की झोपेतून उठवून सतरावा प्रश्न विचारला असता तरी तिने घडाघडा म्हणून दाखवला असता. तिला जेवायला बोलावलं की नातेवाईक आधी सतरंज्या गुंडाळून ठेवत. नवरा तर म्हणे, की आमच्या लग्नाआधी ही या खात्यात असती, तर मी नापास झालो असतो.

आणि अशा या ताईचे स्वतःचे वडील भलत्याच गोंधळात राहत होते.

वडील म्हणजे मास्तर. उभा जन्म शिवणकामात गेला, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना टेलर मास्तर म्हणायची, आणि पुढे पुढे नुसतं मास्तर. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, शेजारी न्हाव्याचं दुकान. पुढच्या खोलीत मधोमध कपडा बेतायचं लांबलचक टेबल, आडवं. त्याच्या एका टोकाशी हात मोडलेली खुर्ची, तिथून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला टेकवून ठेवलेले कापडाचे जुने तागे, आणि त्यांच्यापुढे शिवणयंत्र. शिवणं बंद करून दोन वर्षं झाली होती, कंबर धरते म्हणून. पण एक टाचणी टाकतील तर शपथ.

ताई दर रविवारी जाई आणि दर रविवारी भांडण होई. हे टेबल काढा. काढतो. तागे देऊन टाका. देतो. मास्तर 'हो हो' म्हणत, आणि पुढच्या रविवारी सगळं जिथल्या तिथे. बाहेर ज्या बाईच्या शब्दाने लोक घरातले पलंग फिरवत, तिच्यापुढे बापाने एक खुर्ची हलवली नाही.

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं, पण महिन्याभरापूर्वी मास्तरांचा हात इस्त्रीने भाजला आणि ते धाकट्याच्या कानावर गेलं. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. राहायला दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर. आई गेल्यापासून त्याचा एकच धोशा होता, बाबांना माझ्याकडे पाठव. खोली तयार आहे, लिफ्ट आहे, दिवसभर माणूस ठेवतो. मुलगा वाईट नव्हता हो, उलट बापाच्या काळजीने अर्धा झाला होता. फोनवर ताईचं आणि त्याचं वाजलं, आणि शेवटी ताईच म्हणून गेली, की बाबांनी यंदाच पंच्याहत्तरी ओलांडलीय, खात्याची पहिली तपासणी होऊ दे. पास झालं तर बाबा इथेच. नापास झालं तर गाडी घेऊन ये, मी हूं की चूं करणार नाही.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ भाजलेल्या हाताला मलम चोळत राहिले. मग म्हणाले, "मला इथून जायचं नाहीये, एवढं लक्षात ठेव."

ताईलाही ते जायला नकोच होते. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण रविवारचं ते भांडण गेलं तर तिच्या आठवड्यात राहणार काय होतं? आणि शब्द तर देऊन बसली होती.

त्यात खात्याचा नियम असा, की आपल्या नातेवाइकाचं घर आपण तपासायचं नाही. गुरुवारी तपासायला येणार होता बंब. बंब म्हणजे तिचाच सहकारी, आधी तीस वर्षं अग्निशमन दलात होता. पोट पुढे, चाल संथ, आवाज खर्जातला, म्हणून कचेरीत त्याचं नाव बंब पडलं आणि त्यालाही ते आवडलं. माणूस देव होता, पण खोटी खूण करणाऱ्यातला नव्हता, आणि ताईनेही त्याला तसं कधी सांगितलं नसतं. खोटं कशाला करायचं? ज्या बाईने अकरा वर्षं लोकांची घरं पास करून दिली, तिला बापाचं घर जड होतं की काय!

रविवारी सकाळी तिने मास्तरांना न्हाव्याच्या दुकानात नेऊन बसवलं, दाढी करा, केस करा, गप्पा मारा, दोन वाजेपर्यंत घरी फिरकू नका. आणि पदर खोचून कामाला लागली. नवऱ्याला हाताशी घेतलं. टेबल सरकवून पार खिडकीखाली लावलं. तागे गाठोड्यांत बांधून माळ्यावर. खुर्ची भंगारात जाणार होती, पण नवऱ्याने रदबदली केली म्हणून ती मागच्या अंगणात गेली. यंत्र कोपऱ्यात. बाथरूममध्ये पांढरीशुभ्र दांडी, रबरी चटई, छताला अलार्म, भिंतीवर लाल अक्षरांतली नंबरांची यादी. सातवा प्रश्न होता 'दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचा मार्ग मोकळा आहे का?' आणि मार्ग असा मोकळा झाला, की तिथे मुलांनी क्रिकेट खेळावं. ताईने मनातल्या मनात तक्ता भरला. एकतीस! आयुष्यात एवढे गुण तिला शाळेतही पडले नव्हते.

दोन वाजता मास्तर आले. न्हावी त्यांना दारापर्यंत सोडायला आला होता. मास्तर चौकटीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "वा. मोकळं मोकळं वाटतंय."

ताईला त्या कौतुकाने भरून आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा बापाने तिचं काम मान्य केलं होतं. नवऱ्याला कुठेतरी जायचं होतं, त्यामुळे तिने किल्ली मास्तरांच्या हातात दिली, डबा ओट्यावर ठेवलाय म्हणून सांगितलं, गुरुवारी दहा वाजता तयार राहा म्हणून बजावलं आणि ती निघाली. गल्लीच्या टोकाला वळून पाहिलं तर मास्तर अजून दारातच उभे. आपल्याला निरोप द्यायला थांबलेत, असं वाटून तिने हात हलवला. त्यांनी काही हात हलवला नाही.

गुरुवारी दहा वाजता ती बंबाला घेऊन पोचली. रस्ताभर तिची टकळी चालू होती, चटई अशी बसवलीय, अलार्म तसा लावलाय. बंब नुसता मान डोलावत होता. दार उघडंच होतं. ताई आत शिरली आणि जागच्या जागी थिजली.

टेबल मधोमध. तागे भिंतीला. अंगणातली खुर्ची परत टेबलाच्या टोकाशी, पुसूनबिसून. यंत्र ताग्यांपुढे. सगळं कसं जिथल्या तिथे, बोटभरही इकडेतिकडे नाही. आणि मास्तर इस्त्रीचा सदरा घालून पलीकडे उभे, स्वागताला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परका माणूस समोर आहे याचं भान न ठेवता तिने विचारलं, की हे कुणी केलं. मास्तरांनी सांगून टाकलं, न्हाव्याने आणि त्याच्या बायकोने, काल संध्याकाळी, मीच सांगितलं. बरं, नियम असा, की नातेवाइकाने हजर राहिलं तर चालतं, पण मध्ये बोलायचं नाही. हा नियम तिने शेकडो लेकी-सुनांना तोंडावर ऐकवला होता. आता दाराजवळच्या स्टुलावर बसून तिने ओठ आवळून धरले. डोळ्यांपुढे धाकट्याची गाडी उभी राहिली.

बंबाने तक्ता काढला आणि सुरुवात केली. अलार्म, होय. चटई, होय. दांडी, होय. नंबरांची यादी, होय. चष्मा आहे का, तर आहे, आणि मास्तरांनी नाकावरचा चष्मा बोटाने दाखवलाही. मग सातवा. बंबाने टेबलाकडे पाहिलं, ताग्यांकडे पाहिलं, आणि नाइलाजाने 'नाही' वर खूण केली. नंतर अडखळण्याजोग्या वस्तू दूर ठेवल्यात का, 'नाही'. फर्निचर धड आहे का, 'नाही'. पुढे असेच आणखी सहा 'नाही'. ताई बोटांवर मोजत होती. तेवीस. एका गुणाने घर बुडत होतं. उरलं होतं ते चालून दाखवणं, त्याला गुण नसत.

"मास्तर, आता जरा चालून दाखवा," बंब म्हणाला. "दारापासून स्वयंपाकघरात जायचं, एक पेला पाणी घ्यायचं आणि परत यायचं. सावकाश."

मास्तर दारापाशी आले आणि निघाले. सावकाश वगैरे काही नाही, चांगले झपाझप. डावा हात टेबलाच्या कडेवरून, टोकाला खुर्चीची पाठ, तिथून हात ताग्यांवर, एक, दोन, तीन, चार, मग यंत्राचं चाक, मग स्वयंपाकघराची चौकट. पेला भरल्याचा आवाज आला. त्याच वाटेने ते परत आले, थेंब सांडला नाही. ताईला वाटलं, बघा, म्हातारा कसा तुरुतुरु चालतो, याला कोण नापास करणार?

बंब मात्र लिहीत नव्हता. तो मास्तरांच्या डाव्या हाताकडे बघत होता. मग त्याने गुपचूप एक गोष्ट केली. तक्त्याचा पुठ्ठा त्यांच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर धरला, उलटा, आणि म्हणाला, इथे सही करा. मास्तरांनी पुठ्ठा हाताने चाचपला, खिशातून पेन काढलं आणि ऐटीत सही ठोकली. उलट्या कागदावर, पाचव्या प्रश्नाच्या मधोमध.

बंबाने पुठ्ठा खाली घेतला. "आम्ही धुरात असंच चालायचो, मास्तर," तो म्हणाला. "एक हात भिंतीवर, आणि काय लागलं ते मोजत जायचं. कधीपासून दिसत नाहीये?"

शेजारच्या दुकानातली कात्री तेवढी वाजत होती.

मास्तरांनी आधी थोडी टाळाटाळ केली. नंबर वाढलाय, उजेड कमी आहे, वगैरे. मग खुर्चीची पाठ शोधून ते बसले आणि एकदाचं सांगून टाकलं. दोन वर्षं झाली. मधलं सगळं गेलं होतं, कडेकडेने थोडा उजेड आणि सावल्या कळत. सुईत दोरा जाईना तेव्हा शिवणं बंद केलं आणि कंबरेवर ढकललं. न्हाव्याला ठाऊक होतं, तो रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचा. पोरांना सांगितलं नाही, कारण सांगितलं की त्याच दिवशी नववा मजला.

ताई स्टुलावरून उठली होती. अकरा वर्षांत तिने किती म्हाताऱ्यांना डोळ्यांचा दवाखाना दाखवला असेल याची गणती नव्हती. आणि दर रविवारी ती इथे यायची, घर बघायची, चटईचा कोपरा, वायर, खिळा, सगळं बघायची, फक्त बापाच्या तोंडाकडे बघायची राहून गेली होती. ती बोलत सुटायची आणि ते आवाजाच्या दिशेने मान वळवून हसायचे. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग तिला रविवार आठवला. ती खाली बसली आणि न विचारता तिने त्यांच्या लेंग्याचे पाय वर केले. दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या. कोपरावर खरचटलेलं. तिच्या एकतीस गुणांच्या घरात मास्तरांनी तीन दिवस काढले होते. मधोमध हाताला काहीच लागत नव्हतं, म्हणून ते भर दुपारी स्वतःच्या घरात वाट चुकले होते, खिडकीखालच्या टेबलावर आदळले होते आणि पहिल्या रात्री तर ओट्यावरचा डबा सापडला नाही म्हणून तसेच झोपले होते.

"मला सांगायचं नाही का हो?" ताई म्हणाली आणि रडायला लागली. चांगली मोठ्याने रडली, बंबासमोर.

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोही आधी जरासा चुकला, कानावर पडला, मग वर सरकला. "तू इतक्या हौसेने आवरलं होतंस," ते म्हणाले.

बंबाने या सगळ्यात स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला होता. डबे मास्तरांच्या पद्धतीने लावलेले होते, उंचीने, त्यामुळे साखर त्याला पटकन सापडली. कप हातात देऊन तो म्हणाला, की हे बघा, खोटं मी लिहिणार नाही. सातव्याला 'नाही' ते 'नाही'च. तेवीस म्हणजे तेवीस, पत्र जाणार. पण तक्त्याच्या पाठीमागे शेऱ्याची मोकळी जागा असते, तिथे आजवर आपण दोघांनी 'काही नाही' सोडून काही लिहिलंय का? तिथे त्याने लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि वाचून दाखवलं. रहिवासी हाताने चालतात. घरातली कोणतीही वस्तू हलवू नये. टेबल, खुर्ची व यंत्र खात्याच्या फिटरकडून जमिनीला स्क्रूने पक्की करून द्यावीत. डोळ्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवावं. ज्यांची नजर गेली त्यांना घरात आणि रस्त्यावर चालायला शिकवणाऱ्या बाई खात्याकडे आहेत, त्यांना आठवड्यातून दोनदा पाठवावं. इस्त्री बंद.

"इस्त्रीचं राहू द्या की," मास्तर म्हणाले.

"इस्त्री बंद," ताई आणि बंब एकदमच म्हणाले.

पण हा झाला शेरा. शब्द वेगळा होता, तो ताईने दिला होता, आणि घर नापास झालं होतं. फोन तिलाच करायला हवा होता. तिने तिथेच, टेबलाला टेकून, धाकट्याला लावला आणि काही लपवलं नाही. डोळ्यांचं सांगितलं, नडग्यांचं सांगितलं, आपण काय करून ठेवलं तेही सांगितलं. धाकटा हबकला. मग अपेक्षेप्रमाणे म्हणाला, की मग तर विषयच संपला, ताई. दिसत नसताना एकटं कसं ठेवायचं? मी शनिवारी गाडी घेऊन येतो. तू म्हणाली होतीस, हूं की चूं करणार नाहीस.

म्हणाली तर होती. तिने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला होता, फोनसाठी, अगदी बरोबर तिच्या आवाजाच्या दिशेने.

"ऐक," मास्तर फोनवर म्हणाले. "तुझं घर छान आहे. सूनबाई माझं सगळं करेल, मला माहीत आहे. पण तिथे मी आंधळा असेन रे. इथे मी नुसता म्हातारा आहे."

पलीकडून आवाज येईना. मास्तरांनी फोन कानापासून काढून हलवून पाहिला, कट झाला की काय म्हणून. मग सावकाश ते सांगायला लागले, खात्याचा माणूस काय म्हणाला, बाई येणार आहे, फिटर येऊन टेबल जमिनीला पक्कं करणार आहे. बोलताना त्यांचा दुसरा हात टेबलाच्या कडेवरून पुढे-मागे फिरत होता. शेवटी धाकट्याने काहीतरी विचारलं, आणि मास्तरांनी तेच ताईला विचारलं, की फिटर कधी येतो. ताईने डोळे पुसत सांगितलं, की म्हणाल तेव्हा, अगदी शनिवारीसुद्धा.

धाकट्याला पलीकडे ते ऐकू गेलं असावं. तो एवढ्या मोठ्याने बोलला, की खोलीतल्या तिघांनाही स्पष्ट कळलं. "मग शनिवारचंच ठरव. ते टेबल हलायला नको, तर स्क्रू मारताना कुणीतरी धरायला लागेल. मी येतो."